पाण्याचा रेटा ओळखणारा अभियंता : सर विश्वेश्वरय्या

दरवर्षी १५ सप्टेंबर उजाडला की जलसंपदा विभागाच्या कचेऱ्यांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत एका फोटोला हार घातला जातो. डोक्यावर म्हैसुरी पगडी, अंगात बंद गळ्याचा कोट, चेहरा करारी. हा अभियंता दिन, आणि फोटोतले गृहस्थ म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. भाषण होतं, चहापाणी होतं आणि फोटो पुन्हा भिंतीवर जातो. पण या माणसानं नेमकं केलं काय, आणि पेंचच्या पाण्यावर धान, संत्रा, मिरची पिकवणाऱ्या पारशिवनी तालुक्यातल्या शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध काय, हे सहसा कोणी सांगत नाही.

संबंध आहे, आणि तो चांगलाच जवळचा आहे. १८८४ ते १९०८ अशी चोवीस वर्षं ते जुन्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते. त्यातला मोठा काळ नाशिक, धुळे, पुणे असा आपल्याच महाराष्ट्रात गेला. धरणाच्या भिंतीवर पाण्याचा किती रेटा येतो आणि भिंत कशाच्या जोरावर उभी राहते, हा हिशोब त्यांनी जन्मभर केला. हाच हिशोब आपल्या गावच्या बंधाऱ्यालाही लागू आहे. म्हणून त्यांची गोष्ट सरपंच, सदस्य, तलाठी आणि शेतकरी, सगळ्यांनीच वाचावी अशी आहे.

मुद्देनहळ्ळीहून पुण्यात

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात १८६१ साली झाला. काही ठिकाणी १८६० असंही लिहिलेलं आढळतं. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार होते. घरात विद्या होती, पैसा नव्हता. वडील लवकर वारले. बंगलोरला शिकवण्या करून पोराने पोट भरलं आणि १८८१ साली बी. ए. केलं. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले. पुढे हेच कॉलेज पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून नावाजलं. १८८३ साली ते इंजिनिअरिंगच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले. पुढच्याच वर्षी सरकारी बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला नेमणूक झाली आणि थोड्याच दिवसांत धुळ्याला रवानगी झाली.

पांझरेखालून नेलेला नळ

धुळे जिल्ह्यातली पांझरा नदी तिथल्या जुन्या बंधाऱ्यांमुळे आणि फड पद्धतीमुळे प्रसिद्ध आहे. दातर्ती गावाजवळ पाटाचं पाणी नदीच्या एका प्रवाहाखालून नळाने पलीकडे न्यायचं काम या नव्या साहेबाकडे आलं. दिवस पावसाळ्याचे. नदीला वरचेवर पूर यायचा आणि खोदलेलं सगळं वाळूने भरून जायचं. काम पाऊस संपेपर्यंत थांबवावं असं त्यांनी वर कळवलं. ते वरिष्ठांना रुचलं नाही. मग त्यांनी तिथेच राहून काम पुरं करून दाखवलं.

नदीखालून गेलेलं पाणी पलीकडे पुन्हा वर कसं येतं, असं तुम्ही विचाराल. अलीकडच्या काठावर पाणी थोडं उंच असतं. त्या उंचीचा दाब नळातल्या पाण्याला ढकलतो, म्हणून ते पलीकडच्या तोंडातून वर येतं. पंप नाही, बैल नाही, मोट नाही. पाण्याची उंची हेच इंजिन. या पहिल्या कामातच पाण्याच्या दाबाशी त्यांची ओळख पक्की झाली.

हिशोब खोलीचा

आता हा दाब काय असतो ते नीट समजून घेऊ. पोहता येणाऱ्याने विहिरीत खोल बुडी मारली की कान दुखू लागतात. जितकं खोल जावं तितका दाब वाढतो. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. म्हणून एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरला एक टन दाब, दहा मीटरवर दहा टन. आपल्या जिल्ह्यातल्या तोतलाडोह धरणाची भिंत पायापासून सुमारे ७४ मीटर उंच आहे. तिला ६० मीटर पाणी लागलं, तर तळाशी दर चौरस मीटरवर ६० टनांचा रेटा आला म्हणून समजा.

यातली एक गोष्ट पुष्कळांना पटत नाही. तलाव मागे दोन कोस पसरलेला असो की दोनशे पावलं, भिंतीजवळची खोली सारखीच असेल तर भिंतीवरचा दाबही सारखाच असतो. पसाऱ्याला इथे महत्त्व नाही, खोलीला आहे.

पाण्याच्या वरच्या रेषेवर दाब शून्य असतो आणि खाली जाताना तो वाढत जातो. म्हणून भिंतीवरच्या दाबाचं चित्र काढलं तर ते त्रिकोणी येतं. खोली दुप्पट झाली की भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो, आणि भिंत उलथवण्याची ताकद आठपट होते. याला तोंड द्यायला भिंतीजवळ काय असतं? स्वतःचं वजन. दगडी धरण म्हणजे मोठ्या वजनाचा ढिगारा, जो आपल्याच भाराने जमिनीला धरून बसतो. म्हणून त्याला गुरुत्व धरण म्हणतात. पाणी ढकलतं, वजन दाबून धरतं. या दोघांचा तोल म्हणजे धरण.

खडकवासल्याची आपोआप उघडणारी दारं

पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचं दगडी धरण १८७९ साली पुरं झालं. कर्नल फाइफ यांनी ते बांधलं, म्हणून तलावाला फाइफ तलाव म्हणत. पुणे शहर, लष्कराची छावणी आणि कालव्यावरचे शेतकरी, सगळ्यांची तहान त्यावर. दरवर्षी पावसाळ्यात पाणी सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीने वाहून जायचं आणि उन्हाळ्यात टंचाई पडायची. मग पूर ओसरू लागला की सांडव्यावर मातीचा तात्पुरता बांध घालून जास्तीचं पाणी अडवत. अचानक पाऊस झाला की तो बांध वाहून जायचा. हा खटाटोप दरवर्षीचा.

भिंत उंच करा, असं कोणीही म्हणालं असतं. पण त्यात धोका होता. समजा भिंतीला शंभर फूट पाणी आहे आणि ते एकशे आठ फूट केलं. पाणी आठच टक्के वाढलेलं दिसतं, पण रेटा सोळा टक्क्यांच्या वर वाढतो आणि भिंत उलथवण्याची ताकद जवळपास सव्वीस टक्क्यांनी वाढते. जुन्या भिंतीवर हा भार टाकणार कसा?

विश्वेश्वरय्यांनी वेगळ्या बाजूने विचार केला. पुराच्या दिवसांत सहा-आठ फूट जास्तीचं पाणी भिंत दरवर्षी सोसतच होती. तेव्हा भिंतीला हात न लावता तेवढंच पाणी अडवून ठेवायचं, आणि त्यावर एक बोटही चढू द्यायचं नाही. यासाठी त्यांनी सांडव्यावर बसवायची लोखंडी दारं तयार केली. दारांना साखळ्यांनी वजनं जोडलेली असायची. एकीकडे वजन, दुसरीकडे पाण्याचा जोर, असा तराजूचा तोल. पाणी ठरलेल्या रेषेवर गेलं की तोल बदलून दारं आपोआप उघडायची आणि पाणी उतरलं की आपोआप मिटायची. रात्री-बेरात्री पूर आला तरी चौकीदाराने धावत जाऊन चाक फिरवायची गरज नाही.

१९०३ साली ही दारं खडकवासल्याला बसली. भिंतीची उंची तीच, आणि साठा मात्र वाढला. या रचनेचं पेटंट त्यांच्या नावाने घेतलं गेलं. पण सरकारी पगारावर असताना केलेलं काम म्हणून त्यावरचा मोबदला त्यांनी घेतला नाही.

पाणी वाटायचं कसं

धरणात पाणी साठवलं, पण वाटपाचं काय? त्या काळी पुण्याकडच्या कालव्यांवर ऊसवाल्यांचा जोर होता. वरच्या अंगाचे शेतकरी बारमाही पाणी घेत, शेवटच्या टोकावरचे कोरडे राहत. ओळखीची गोष्ट आहे ना? विश्वेश्वरय्यांनी गट पद्धत सुचवली. कालव्याखालच्या गावांत जमिनीचे गट पाडायचे. गटातला ठरावीक हिस्साच उसाला द्यायचा, बाकीत धान आणि कमी पाण्याची पिकं घ्यायची आणि पाळी बदलत न्यायची. म्हणजे जास्त गावांना पाणी मिळतं आणि जमीनही चिबड होत नाही. सुरुवातीला याला मोठा विरोध झाला. त्यांनी शेतकऱ्यांना बोलावून, समोर बसवून हिशोब समजावला, आणि गट पद्धत रुजली.

महाराष्ट्रात २००५ साली पाणी वापर संस्थांचा कायदा झाला. आपल्या वाट्याचं पाणी संस्थेने मोजून घ्यायचं आणि शेतकऱ्यांनीच आपसांत वाटायचं, हा त्याचा गाभा. शंभर वर्षांपूर्वीच्या गट पद्धतीशी हा विचार बराच मिळताजुळता आहे.

हैदराबाद आणि म्हैसूर

१९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली आणि परदेशाच्या दौऱ्यावर गेले. त्याच सालच्या सप्टेंबरात हैदराबादला मुसी नदीचा महापूर आला आणि हजारो माणसं दगावली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पूर अडवण्यासाठी शहराच्या वरच्या अंगाला तलाव बांधावेत, अशी योजना त्यांनी दिली. उस्मान सागर आणि हिमायत सागर हे दोन तलाव पुढे त्यातूनच झाले.

१९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण. १९११ साली कावेरीवर कृष्णराज सागर धरणाचं काम सुरू झालं. मद्रास सरकारने हरकत घेतल्यामुळे धरण आधी कमी उंचीचं बांधायला परवानगी मिळाली. पण पाया भरताना त्यांनी मूळच्या मोठ्या उंचीच्या हिशोबानेच रुंदी धरली. कारण सरळ आहे. भिंत वर चढवणं नंतर जमतं, पाया मागाहून रुंद करणं फार अवघड. भिंत किती पाणी सोसेल, हे तिच्या बुडाची रुंदी ठरवते. सिमेंटऐवजी चुना आणि विटांची भुकटी यांची सुर्की वापरून १३० फूट उंचीचं ते धरण उभं राहिलं, आणि त्यालाही तीच आपोआप उघडणारी दारं बसली. ते आजही उभं आहे.

१९१५ साली त्यांना सर ही पदवी मिळाली, १९५५ साली भारतरत्न. नागपुरात १९६० साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही त्यांचंच नाव देण्यात आलं. आपण ज्याला व्हीएनआयटी म्हणतो, त्यातला पहिला व्ही म्हणजे विश्वेश्वरय्या.

पायाखालून शिरणारं पाणी

थोर माणसाची गोष्ट सांगताना अपघात गाळू नयेत, कारण शिकायला तिथेच मिळतं. ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावरही त्यांची दारं बसवली होती. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते धरण फुटलं. पायाच्या वाळूखडकात पाणी झिरपलं आणि भिंत घसरली. भिंतीखाली शिरलेलं पाणी भिंतीला वर उचलतं. विहिरीत बुडालेला दगड पाण्यात असेपर्यंत हलका लागतो, तसंच हे. ज्या वजनाच्या भरवशावर भिंत बसलेली असते, त्यातला काही भाग ही उचल खाऊन टाकते. एकोणिसाव्या शतकातली बरीच धरणं बांधताना हा हिशोब धरलेला नसे.

दुसरा अपघात पुण्याचा. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचं नवं, अजून पुरं न झालेलं मातीचं धरण फुटलं. तो सगळा लोंढा खाली खडकवासल्याच्या तलावात आला, जुन्या भिंतीवरून वाहू लागला आणि भिंतीला भगदाड पडलं. पुणे पाण्याखाली गेलं. ज्या तलावासाठी विश्वेश्वरय्यांनी तरुणपणी दारं केली, त्या तलावाची ही गत त्यांच्या हयातीतच झाली. पुढे ती भिंत पुन्हा बांधली गेली. शंभरी गाठून १४ एप्रिल १९६२ रोजी बंगलोरला त्यांचा अंत झाला.

तोच हिशोब, आता संगणकावर

विश्वेश्वरय्यांनी कागद-पेन्सिलीने केलेला हिशोब आज अभियंते संगणकावर करतात. भिंतीचं चित्र संगणकात काढतात आणि त्याचे शेकडो-हजारो लहान तुकडे पाडतात. मग भार टाकायची पाळी येते. पहिला भार वजनाचा. प्रत्येक तुकड्याचं वजन सरळ खाली. दुसरा भार पाण्याचा. तो फक्त पाण्याकडच्या बाजूला, भिंतीशी काटकोनात, पाण्याच्या रेषेवर शून्य आणि खाली वाढत जाणारा. तिसरा भार पायाखालून येणाऱ्या उचलीचा. मग संगणक सांगतो, की कोणत्या तुकड्यावर ताण किती आणि भेग कुठे पडू शकेल.

आपल्याच राज्यातलं कोयना धरण या कामात जगभर ओळखलं जातं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे मोठा भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाच्या वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे, भेगा पडल्या. भिंत मात्र उभी राहिली आणि नंतर ती बळकट करण्यात आली. भेगा नेमक्या कुठे पडल्या हे माहीत असल्यामुळे, संगणकाचं उत्तर खरं येतं की नाही हे तपासायला देशोदेशीचे अभियंते कोयनेचंच उदाहरण घेतात. अ‍ॅबॅकस नावाच्या प्रसिद्ध संगणक प्रणालीच्या पुस्तिकेतही ते दिलेलं आहे. क्रम ठरलेला असतो. आधी भिंतीचं वजन, मग पाण्याचा दाब, आणि शेवटी भूकंपाचा हादरा.

पण संगणक आपण सांगू तेवढंच ऐकतो. पाण्याची खोली भिंतीच्या माथ्यापासून मोजली, पाण्याच्या रेषेपासून मोजलीच नाही, तर उत्तर चुकतं. वरपासून खालपर्यंत सारखाच दाब टाकला, वजन दोनदा धरलं किंवा किलो आणि टनाचा घोळ झाला, तरी चुकतं. चित्र मात्र रंगीत आणि सुंदरच दिसतं. म्हणून जाणता अभियंता संगणकाचा एकूण रेटा हाताच्या हिशोबाशी ताडून बघतो. खोलीला खोलीने गुणा आणि निम्मं करा, म्हणजे एक मीटर लांबीच्या भिंतीवरचा रेटा टनांत मिळतो. दहा मीटर पाण्याला पन्नास टन. सातवी-आठवीतल्या पोरालाही जमेल असं गणित आहे.

आपल्या बंधाऱ्याचं काय?

आता गावाकडे या. पाऊस संपत आला की गावोगावी एक प्रकार दिसतो. सिमेंट बंधाऱ्याच्या किंवा तलावाच्या सांडव्यावर रेतीच्या चुंगड्या रचतात, गोटे-माती टाकतात. हातभर पाणी जास्त थांबलं तर गव्हाला एक ओलीत मिळेल, हा हेतू. हेतू चुकीचा कोण म्हणेल? खडकवासल्यालाही लोक हेच करत होते.

पण हिशोब बघा. बंधाऱ्याला दोन मीटर पाणी असेल तर दर मीटर लांबीवर दोन टनांचा रेटा येतो. चुंगड्या रचून ते अडीच मीटर केलं, की रेटा तीन टनांच्या वर जातो. भिंत उलथवण्याची ताकद तर जवळपास दुप्पट होते. भिंतीचं वजन तेवढंच राहतं. शिवाय सांडवा अडला की अवकाळी पावसाचं पाणी जायला वाट राहत नाही. मातीची पाळ असेल तर धोका आणखी मोठा, कारण पाळीवरून पाणी वाहू लागलं की माती कापली जाते आणि थोड्याच वेळात पाळ जाते. खाली कोणाचं शेत आहे, कोणाचं घर आहे, याचा विचार चुंगडी ठेवणाऱ्यानेच करायचा असतो.

म्हणून सरपंच आणि सदस्य मंडळींना एक विनंती. नवीन बंधाऱ्याचं काम गावात आलं की अभियंत्याला तीन गोष्टी जरूर विचारा. पाणी कोणत्या रेषेपर्यंत धरून हिशोब केला आहे? पायाखालून झिरपणारं पाणी आणि त्याची उचल धरली आहे का? पुराचं पाणी जायला सांडवा पुरेसा रुंद आहे का? उत्तरं ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. ही रेषा बंधाऱ्यावर ठळक रंगाने मारून घ्या. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या पाट्या पावसाळ्याआधी काढल्या की नाही, हे मे महिन्यातच बघा. भिंतीच्या बुडाशी खालच्या अंगाला नवा पाझर दिसला, पाणी गढूळ येऊ लागलं, तर वाट न पाहता जिल्हा परिषदेच्या किंवा जलसंपदा विभागाच्या शाखा अभियंत्याला कळवा.

आणि जास्तीचं पाणी हवंच असेल, तर मागणी करा, मोजणी करून घ्या. गाळ काढून खोली मागच्या बाजूला वाढवता येते, दुसऱ्या जागी आणखी एक बंधारा घेता येतो, पाळी बांधून आहे तेच पाणी जास्त शेतांना पुरवता येतं. विश्वेश्वरय्यांनी पाण्याची एक रेषा ठरवली आणि त्यावर पाणी चढू दिलं नाही. आपल्या बंधाऱ्यावरही ती रेषा या रब्बीच्या आधी मारलेली असू द्या.